जनतेच्या पैशातला शोधनिबंध जनतेपुढे

१९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाने एक मोठा अभ्यास हाती घेतला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे शिकवून आरोग्यसेविका म्हणून तयार केलं गेलं. व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसिटिक ॲसिड पातळ करून गर्भाशयाच्या मुखाला लावायचं, थोडं थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं, एवढीच ती तपासणी. प्रयोगशाळा नको, महागडं यंत्र नको. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांनंतर हिशेब मांडला तेव्हा तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ‘जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट’मध्ये छापून आला.

या अभ्यासाचा पैसा आला होता अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडून. ही संस्था म्हणजे ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’, अर्थात एनआयएचचा एक भाग. मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डा इथं मुख्यालय, २७ संस्था आणि केंद्रं, वर्षाला ४८ अब्ज डॉलरच्या आसपास अंदाजपत्रक. वैद्यकीय संशोधनावर सरकारी तिजोरीतून एवढा खर्च करणारी दुसरी संस्था जगात नाही. म्हणजे ओहायोतल्या एखाद्या ट्रकचालकाच्या करातला वाटा मुंबईच्या वस्तीतल्या बाईच्या तपासणीपर्यंत येऊन पोचला होता.

३१ टक्क्यांची बातमी वर्तमानपत्रांनी दिली. पण सांगोल्याच्या किंवा शहाद्याच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला हीच तपासणी आपल्या भागात सुरू करायची असेल, तर बातमीवर भागत नाही. सेविकांना नेमकं काय शिकवलं, किती बायका तयार झाल्या, संशयित डाग दिसलेल्यांपैकी किती जणी पुढच्या तपासणीला आल्या आणि किती मागे राहिल्या, हे सगळं निबंधाच्या पोटात असतं. शिवाय या अभ्यासावर वादही झाला. तुलनेसाठी निवडलेल्या वस्त्यांमधल्या बायकांना तपासणी दिली नव्हती, फक्त आरोग्यशिक्षण दिलं होतं. ते योग्य होतं का, असा सवाल परदेशातल्या डॉक्टरांनी उपस्थित केला. ज्या शहराच्या बायकांवर हा अभ्यास झाला, त्या शहरातल्या माणसाला या वादात स्वतःचं मत बनवता यायला हवं. त्यासाठी मूळ निबंध हाती लागायला हवा. आणि वैद्यकीय जर्नलांच्या जगात नेमकी तिथंच अडचण असते: दुव्यावर टिचकी मारली की सारांश दिसतो आणि खाली एका निबंधासाठी तीस-चाळीस डॉलरची मागणी.

मुंबईचा हा निबंध आज कुणालाही फुकट वाचता येतो. त्यामागे एनआयएचचा एक नियम आहे. तो कागदावर दोन ओळींचा, पण पाळून घ्यायला काही वर्षं आणि बरीच भांडणं लागली. ती हकीगत सांगण्याजोगी आहे, कारण सरकारी नियम कशाने पाळला जातो आणि कशाने नुसता फायलीत राहतो हे तीतून स्पष्ट दिसतं.

१९९४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या शॅरन आणि पॅट्रिक टेरी या जोडप्याच्या दोन्ही मुलांना पीएक्सई नावाचा दुर्मिळ आनुवंशिक आजार असल्याचं निदान झालं. त्वचा, डोळे आणि रक्तवाहिन्या यांना हळूहळू धरणारा हा आजार. आईवडिलांपैकी कुणीही वैज्ञानिक नव्हतं. दोघंही वैद्यकीय ग्रंथालयांत जाऊन मिळतील ते निबंध झेरॉक्स करून आणू लागले आणि शब्दकोश उघडून वाचू लागले. पुढे त्यांनी रुग्णांची संघटना उभी केली, नमुने गोळा केले, आणि या आजाराचं जनुक सापडलं त्या कामात शॅरन टेरी सहभागी होत्या. खुल्या निबंधांच्या मागणीसाठी नंतर ज्या रुग्णसंघटना झगडल्या, त्यांत त्यांचा आवाज ठळक होता. संशोधन आमच्या करातून होतं, आजार आमच्या मुलांना आहे, आणि निबंध वाचायला आम्हीच पुन्हा पैसे का मोजायचे? या प्रश्नाला प्रकाशकांकडे सरळ उत्तर नव्हतं.

१९९७ मध्ये पबमेड ही सूची सगळ्यांना मोफत खुली झाली, पण त्यात फक्त सारांश. १९९९ मध्ये एनआयएचचे तेव्हाचे संचालक, नोबेल विजेते हॅरोल्ड व्हार्मस यांनी संपूर्ण निबंधांचं एक खुलं भांडार उभारायची कल्पना मांडली. प्रकाशकांनी आणि काही वैज्ञानिक संस्थांनी कडाडून विरोध केला. मूळ कल्पना बरीच छाटली गेली, तरी फेब्रुवारी २००० मध्ये पबमेड सेंट्रल सुरू झालं. त्याला पीएमसी म्हणतात. आज त्यात एक कोटीहून जास्त लेख आहेत.

भांडार झालं, पण भरायचं कुणी? मे २००५ मध्ये एनआयएचने आपल्या अनुदानातून संशोधन करणाऱ्यांना विनंती केली की तुमचे निबंध पीएमसीत जमा करा. ही फक्त विनंती होती. पहिल्या काही महिन्यांत शंभरातले पाचही निबंध आले नाहीत. संशोधक काही वाईट वृत्तीचे नव्हते. बहुतेकांना कल्पना पटलेलीच होती. पण निबंध स्वीकारला गेला की माणूस पुढच्या कामाला लागतो. जे केलं नाही म्हणून काही बिघडत नाही, ते राहून जातं.

मग अमेरिकी काँग्रेसने २००८ च्या खर्चाच्या कायद्यातच एक कलम घातलं. ७ एप्रिल २००८ नंतर स्वीकारला गेलेला, एनआयएचच्या पैशातून झालेला प्रत्येक समीक्षित निबंध जमा करणं सक्तीचं झालं; छापून आल्यावर जास्तीत जास्त बारा महिन्यांत तो जनतेला खुला व्हायला हवा. हे बारा महिने प्रकाशकांच्या धंद्यासाठी दिलेली सवलत होती. तरीही प्रकाशकांच्या बाजूने काँग्रेसमध्ये हा नियम उलटवणारी विधेयकं आली. डिसेंबर २०११ मधलं शेवटचं मोठं विधेयक गणितज्ञ टिम गॉवर्स यांच्यासह हजारो संशोधकांनी एका बड्या प्रकाशकावर बहिष्काराची घोषणा केल्यावर बारगळलं.

सक्तीनंतर प्रमाण पुष्कळ वाढलं, पण सगळे निबंध येईनात. बदल झाला तो १ जुलै २०१३ पासून. एनआयएचने जाहीर केलं की एखाद्या प्रकल्पाचे निबंध जमा नसतील, तर त्या प्रकल्पाचा पुढच्या वर्षाचा हप्ता अडवून ठेवला जाईल. काही महिन्यांतच हस्तलिखितांचा ओघ सुरू झाला. मला यात संशोधकांना कमी लेखण्यासारखं काही दिसत नाही. प्रयोगशाळेतल्या तरुणाचा पगार, अभिकर्मकांची बिलं, रुग्णांच्या भेटींचा खर्च हे सगळं त्या हप्त्यावर चालतं. हप्ता अडला की विभागप्रमुखापासून हिशेबनीसापर्यंत सगळ्यांचं लक्ष जातं, आणि मग ज्याला कुणाकडे वेळ नव्हता त्या कामाला एका दुपारात वेळ सापडतो.

आता ते काम प्रत्यक्ष कसं होतं ते जवळून पाहू. पुण्याच्या बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने एचआयव्ही आणि क्षयरोगावर एनआयएचच्या निधीतून संशोधन चालत आलं आहे. असा निधी घेणाऱ्या कुठल्याही ठिकाणच्या, मग ते पुणे असो, चेन्नई असो की बोस्टन, लेखकाला हाच मार्ग चालावा लागतो.

समजा, निबंध स्वीकारल्याचा ईमेल आला. त्या क्षणी निबंधाची तीन रूपं अस्तित्वात असतात किंवा येणार असतात. एक, जर्नलकडे पहिल्यांदा पाठवलेला मसुदा. दोन, समीक्षकांच्या शंकांना उत्तरं देऊन दुरुस्त केलेलं आणि संपादकांनी मान्य केलेलं अंतिम हस्तलिखित. तीन, प्रकाशकाने मुद्रितशोधन करून, पानं लावून, आपला शिक्का मारून छापलेली प्रत. जमा करायचं ते दुसरं, स्वीकृत हस्तलिखित. लेखक इथं हमखास घसरतात. कुणी प्रकाशकाची देखणी पीडीएफ चढवतं, जी चढवायचा हक्क बहुतेक वेळा लेखकाकडे नसतो. कुणी पहिलाच मसुदा चढवतं, ज्यात समीक्षकांनी दाखवलेली चूक तशीच असते. म्हणून स्वीकृतीच्या दिवशीच शेवटची वर्ड फाइल, आकृत्या, तक्ते आणि पुरवणी माहिती एका फोल्डरमध्ये वेगळी काढून ठेवणं, हा या सगळ्यातला सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी उपाय आहे. सहा महिन्यांनी शोधायला बसलं की ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल खरं’ अशा नावांच्या फायली समोर येतात, आणि ज्या विद्यार्थ्याने त्या केल्या तो तोवर दुसऱ्या शहरात नोकरीला गेलेला असतो.

त्याच आठवड्यात प्रकाशकाकडून कॉपीराइटचा फॉर्म येतो. बहुतेक लेखक तो न वाचता सही करून परत पाठवतात. पण खरा हक्क तिथंच दिला किंवा राखला जातो. स्वीकृत हस्तलिखित पीएमसीत ठेवण्याची आणि ते जनतेला खुलं करण्याची मुभा त्या करारात हवी. नसेल तर तशी ओळ घालून घ्यावी. अशी ओळ कशी लिहायची याचा नमुना एनआयएच स्वतःच देते. सही झाल्यावर केलेल्या विनवण्यांना फारसा अर्थ राहत नाही.

नंतर येतो जमा करण्याचा प्रश्न. काही जर्नल आपले सगळे निबंध स्वतःहून पीएमसीला पाठवतात. तिथं लेखकाला काहीच करावं लागत नाही. काही प्रकाशक हस्तलिखित पाठवून देतात, पण पुढच्या मंजुऱ्या लेखकाने द्यायच्या असतात. आणि काही काहीच करत नाहीत. तिथं लेखकाने एनआयएचएमएस या यंत्रणेत स्वतः फायली चढवायच्या आणि अनुदानाचा क्रमांक जोडायचा. फायली आल्यावर लेखकाला एक ईमेल येतो, की हे बरोबर आहे ना, पाहून मंजूर करा. मंजुरी मिळाली की त्या मजकुराची संगणकीय मांडणी तयार होते, आणि दुसरा ईमेल येतो, की वेबवर असं दिसेल, तपासून अंतिम मंजुरी द्या. या दोन ईमेलांच्या मध्ये असंख्य निबंध अडकून पडतात. ईमेल स्पॅममध्ये जातो, किंवा ज्याच्या नावावर तो यायचा त्याचा जुन्या संस्थेतला पत्ता बंद झालेला असतो. ‘प्रकाशकाने पाठवलं आहे, आपलं काम झालं’ असं समजून लेखक निर्धास्त असतो आणि हस्तलिखित मंजुरीची वाट बघत पडून राहतं.

सगळं पार पडलं की एक क्रमांक मिळतो, पीएमसीआयडी. अनुदानाच्या प्रत्येक अर्जात आणि वार्षिक अहवालात त्या निबंधापुढे तो लिहावा लागतो. इथं आणखी एक गोंधळ नेहमीचा आहे. पबमेडमध्ये नोंद झालेल्या लेखाला वेगळा क्रमांक असतो, पीएमआयडी. दोन्ही क्रमांक दिसायला सारखे, पण पहिला म्हणजे ग्रंथालयाच्या फडताळात ठेवलेलं पुस्तक आणि दुसरा म्हणजे त्या पुस्तकाचं सूचीकार्ड. कार्ड आहे म्हणून पुस्तक आहेच असं नाही. अहवालात पीएमआयडी लिहून नियम पाळल्याचं समाधान मानणारे पुष्कळ असतात, आणि हप्ता अडल्याचं पत्र आलं की त्यांना फरक कळतो.

जबाबदारी कुणाची, हाही कळीचा मुद्दा आहे. निबंधाचा लेखक कुणीही असो, अनुदान ज्याच्या नावावर आहे तो मुख्य संशोधक उत्तरदायी असतो. त्याचं नाव निबंधावर नसलं तरी आणि अनुदान संपून वर्षं लोटली असली तरी. एखाद्या सहकाऱ्याने आभारात त्या अनुदानाचा क्रमांक छापला की तो निबंध मुख्य संशोधकाच्या यादीत येऊन बसतो. म्हणून आभारात अनुदानाचे क्रमांक लिहिताना काळजी घ्यावी. ज्या पैशाचा त्या कामाशी संबंध नाही त्याचा उल्लेख सौजन्य म्हणूनसुद्धा करू नये.

हा सगळा नियम बारा महिन्यांच्या सवलतीसह सतरा वर्षं चालला. त्याच काळात कोरोनाची साथ आली. मार्च २०२० मध्ये अमेरिकेसह अनेक देशांच्या विज्ञान सल्लागारांनी प्रकाशकांना या विषाणूवरचे निबंध ताबडतोब खुले करायला सांगितलं, आणि बड्या प्रकाशकांनी ते केले. साथीत जे शक्य झालं ते कर्करोगासाठी किंवा क्षयासाठी का शक्य नाही, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा नव्हता. ऑगस्ट २०२२ मध्ये व्हाइट हाउसच्या विज्ञान कार्यालयाच्या ॲलॉन्ड्रा नेल्सन यांनी सगळ्या सरकारी विभागांना निर्देश दिले की प्रतीक्षेचा काळ रद्द करा. एनआयएचचं नवं धोरण डिसेंबर २०२४ मध्ये निघालं. ते २०२५ च्या शेवटच्या दिवशी लागू व्हायचं होतं. नवे संचालक जय भट्टाचार्य यांनी ते १ जुलै २०२५ वर आणलं. त्या तारखेपासून स्वीकारलेला निबंध स्वीकृतीनंतर लगेच जमा करायचा, आणि जर्नलमध्ये छापून येईल त्याच दिवशी तो पीएमसीत खुला होणार. एक दिवसही वाट पाहायची नाही. तारीख मोजायची ती स्वीकृतीची, छपाईची नव्हे. जून २०२५ मध्ये स्वीकारलेला आणि नंतर छापलेला निबंध जुन्याच नियमात येतो.

या बदलाने एक नवी ओढाताण सुरू झाली आहे, आणि तिच्याकडे नीट लक्ष द्यायला हवं. काही प्रकाशक लेखकांना सांगतात की एनआयएचचा नियम पाळायचा तर आमच्या सशुल्क खुल्या मार्गाने छापा. नामवंत जर्नलांमध्ये हे शुल्क दहा हजार डॉलरच्याही वर जातं. पण एनआयएचचा नियम कुणालाही शुल्क भरायला सांगत नाही. स्वीकृत हस्तलिखित एनआयएचएमएसमध्ये चढवायला एक पैसाही लागत नाही, आणि ते पीएमसीत ठेवण्यासाठी प्रकाशकाने वेगळे पैसे मागितले तर तो खर्च अनुदानात धरला जात नाही. नव्या धोरणात सरकारने निधीबरोबर येणारा वापराचा परवानाही स्पष्टपणे पुढे केला आहे, म्हणजे हस्तलिखित खुलं करण्याचा सरकारचा हक्क लेखकाच्या सहीच्या आधीपासून उभा असतो. वाचकापुढची पैशांची भिंत हटवून तीच लेखकाच्या दारात उभी केली, तर ज्या संस्थेकडे पैसा कमी तिचं संशोधन छापलंच जाणार नाही. पुण्या-मुंबईच्या सरकारी रुग्णालयातल्या संशोधकाला ही भीती अमेरिकेतल्या श्रीमंत विद्यापीठापेक्षा कितीतरी जास्त खरी आहे. जुलै २०२५ मध्ये एनआयएचने अशा शुल्कावर मर्यादा घालण्याचा इरादा जाहीर केला, तो याच कारणाने स्वागतार्ह वाटतो.

भारतात वाट वेगळी आहे. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी आपल्या पैशातून झालेले निबंध खुल्या भांडारात ठेवण्याचं धोरण जाहीर केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल, आणि सहा हजारांहून जास्त सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना ती वाचायची सोय. सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. वर्गणीअभावी जर्नल बंद झालेली ग्रंथालयं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तिचं मोल कळेल. पण ही सोय संस्थेच्या आतल्या माणसांची. शहाद्यात खाजगी दवाखाना चालवणारी डॉक्टर, रुग्णाचा भाऊ, आरोग्यावर लिहिणारा पत्रकार, गावोगावी काम करणारी संस्था हे सगळे तिच्या बाहेरच राहतात. वर्गणी भरून वाचण्याची परवानगी मिळते. निबंध जमा करण्याने तो निबंधच मोकळा होतो. भारतीय करदात्याच्या पैशातून झालेल्या निबंधांसाठी दुसरी वाट नेटाने चालायला हवी असं मला ठामपणे वाटतं, आणि ती कशी चालवायची याचा धडा २००५ ते २०१३ या आठ वर्षांत मिळाला आहे: जमा करणं पुढच्या हप्त्याशी बांधलं पाहिजे, आणि जमा करण्याची यंत्रणा दुपारभरात काम होईल इतकी सोपी हवी.

त्या मुंबईच्या अभ्यासाचा दुसराही भाग होता. त्याच आरोग्यसेविका स्तनांची हाताने तपासणीही करत होत्या. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘बीएमजे’मध्ये मांडले. एकंदर बायकांत मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र घट ३० टक्क्यांच्या जवळ होती. मॅमोग्राफीची यंत्रं नसलेल्या जिल्ह्यांसाठी याचा अर्थ काय लावायचा, यावर डॉक्टरांची मतं वेगवेगळी आहेत. तो निबंध तक्ते आणि वयोगटांचे आकडे यांसह खुला आहे, कुणालाही डाउनलोड करता येतो.